पट्टीत वजा आलं तर
(आमच्याकडे हिशेब असलेल्या अडत दुकानांसाठी)

गुळाचा हंगाम सुरू झाला की मार्केट यार्डातून फोन येतात, "एक्सेल शीटमध्ये वजा आलंय, फॉर्म्युला बिघडला." बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. गुऱ्हाळवाल्यानं ५०,००० उचल (आगाऊ रक्कम) घेतली आणि खर्च जाऊन पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) झाली ४२,३०० ची. पट्टीतून उचल वजा केली की -७,७०० येणारच. तेवढं त्याच्याकडून अजून येणं आहे.

यावर बरेच जण =मॅक्स(०,सी२-बी२) लावून मोकळे होतात, बी मध्ये उचल, सी मध्ये पट्टी. (छापताना देवनागरी केलंय, टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच.) वजा जाऊन शून्य दिसतं, पण ७,७०० ही गडप होतात. पुढच्या पट्टीला आठवण करून देणारं शीटमध्ये काही उरत नाही.

म्हणून कॉलम दोन ठेवा. 'बाकी' मध्ये (कॉलम डी) साधी वजाबाकी, वजा आलं तर येऊ दे. 'आज द्यायचे' मध्ये मॅक्स. समजा तिघांची बाकी १८,५००, -७,७०० आणि ६,२०० आहे. 'बाकी' ची बेरीज १७,०००, 'आज द्यायचे' ची २४,७००. दोन्ही बरोबर. गल्ल्यातून २४,७०० निघणार, १७,००० नव्हे. नुसती येणी काढायची तर =समइफ(डी२:डी४,"<०").

दुसरी भानगड बाहेरून आलेल्या फाइलींची. तिथं वजाचं चिन्ह कधी शेवटी असतं, ७७००- असं. एक्सेल त्याला आकडा मानत नाही, बेरजेत गुपचूप वगळतं. सेलमध्ये रक्कम डावीकडे चिकटलेली दिसली की ओळखा. कॉलम निवडून 'डेटा' मधलं 'टेक्स्ट टू कॉलम्स' उघडा आणि थेट 'फिनिश' दाबा, चिन्ह पुढे येतं. हातानं (७७००) असं कंसात लिहिलेलं मात्र एक्सेल आपोआप वजा धरतं.

रुपयांवरचे सुटे पैसे काढून टाकायला 'इंट' लावत असाल तर ७,७००.४० चे ७,७०० होतात, पण -७,७००.४० चे -७,७०१! तिथं 'ट्रंक' वापरा.

घरी पोरांचं गणित तपासताना =-५^२ ला एक्सेल २५ दाखवेल. वहीतलं -२५ बरोबर आहे, पोराला रागावू नका. शीटमध्ये =-(५^२) लिहा.

अडलं तर मूळ फाइल पेनड्राइव्हवर आणा. प्रिंटवर आम्हाला फॉर्म्युला दिसत नाही.