'बस': शेपटाचा झालेला शब्द

समजा, 'सर्वांना' म्हणता म्हणता लोकांनी 'सर्वां' गाळून टाकलं आणि नुसता 'ना' उरला. मग त्या 'ना'चंच नाम झालं: 'ना आली', 'ना चुकली'. 'बस' या शब्दाचं अगदी हेच झालं आहे.

लॅटिनमध्ये 'ऑम्निस' म्हणजे सर्व आणि 'ऑम्निबस' म्हणजे सर्वांसाठी. अर्थ सगळा 'ऑम्नि'त. शेवटचा 'बस' हा निव्वळ चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. संस्कृतातल्या 'सर्वेभ्यः'मधला 'भ्यः' त्याचाच भाऊबंद. इंग्रजीत शब्द कापताना बहुधा डोकं ठेवतात, जसं लॅब किंवा एक्झाम. इथे डोकं गेलं आणि प्रत्यय गावभर फिरू लागला. मला हा भाषेतला सर्वांत सुंदर अपघात वाटतो.

1820च्या दशकात फ्रान्समधल्या नाँत शहरात स्तानिस्लास बोद्री यांनी सर्वांसाठीची घोडागाडी सुरू केली. 4 जुलै 1829 रोजी जॉर्ज शिलिबीअर यांनी ती कल्पना लंडनमध्ये आणली: तीन घोडे, 22 प्रवासी, पॅडिंग्टन ते बँक. आधी जागा राखून ठेवायची गरज नाही, वाटेत हात करा आणि चढा. काही वर्षांतच लोकांच्या तोंडी 'बस' रुळलं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा शब्द वीजघरात शिरला. तांब्याची एक जाड पट्टी, तिला एकीकडून जनित्रं जोडलेली, दुसरीकडून वीज नेणाऱ्या तारा. पट्टी एक, वापरणारे अनेक, म्हणून 'ऑम्निबस बार', पुढे 'बसबार'. संगणकात प्रोसेसर, मेमरी वगैरेंनी वाटून घेतलेल्या तारांनाही तेच नाव मिळालं. यूएसबीतला 'बी' तो हाच.

पण सामाईक तारेवर दोघे एकदम बोलू लागले तर? याचं एक देखणं उत्तर बॉश कंपनीने 1986 मध्ये वाहनांसाठी मांडलेल्या 'कॅन बस'मध्ये आहे. प्रत्येक संदेशाची सुरुवात त्याच्या क्रमांकाने होते. पाठवणारा एकेक बिट, म्हणजे 0 किंवा 1, तारेवर ठेवतो आणि लगेच तारेवर काय दिसतं ते वाचतो. 0 आणि 1 एकाच वेळी आले तर तारेवर 0 दिसतो. ज्याने 1 ठेवला होता त्याला कळतं, आपल्याहून महत्त्वाचं कोणी बोलतंय. तो तिथेच थांबतो आणि तार मोकळी झाली की पुन्हा प्रयत्न करतो. लहान क्रमांकाचा संदेश जिंकतो आणि त्याचा एकही बिट बिघडत नाही.

आज रस्त्यावरच्या बसगाड्यांच्या पोटातही ही 'बस' धावते. इंजिनाचे फेरे, चाकांचा वेग असं सगळं त्या दोन पिळलेल्या तारांवरून जातं. त्या संदेशावर कोणा एकाचा पत्ता लिहिलेला नसतो. तारेला जोडलेलं प्रत्येक यंत्र तो ऐकतं आणि आपल्या कामाचा असेल तर उचलतं. पाठवणाऱ्याने तो पाठवलेला असतो सर्वांना.