आधी गिरणी, मग शाळा

सौर पॅनेल बसवायला, पवनचक्क्या सांभाळायला पुढच्या वीस वर्षांत किती कुशल हात लागतील, ते कोण घडवणार, याचे आराखडे सध्या सरकारदरबारी तयार होत आहेत. मुंबईने हा प्रश्न दोनदा सोडवून पाहिला आहे, तोही अगदी उलट्या पद्धतींनी.

पहिली पद्धत गिरण्यांची. कावसजी दावर यांची कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षण देणारी संस्था निघाली १८८७ मध्ये. मधली तीस वर्षं साचेवाले (यंत्रमाग चालवणारे) जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हाताखाली बघूनबघूनच शिकले. (याच गिरण्यांना १९१५ पासून खोपोलीच्या पाण्यावरची वीज मिळू लागली. तेव्हा तिला कुणी ‘हरित’ म्हणत नव्हतं.)

दुसरी पद्धत तुर्भ्याची (ट्रॉम्बेची). होमी भाभांनी तिथे १९५७ मध्ये अणुऊर्जेची प्रशिक्षण शाळा काढली, तेव्हा देशात ‘अप्सरा’ ही एकच छोटी अणुभट्टी चालू होती. तारापूरच्या अणुकेंद्राची वीज यायला १९६९ उजाडलं. म्हणजे माणसं बारा वर्षं आधीपासून घडत होती. अर्थात, इथे निवडक पदवीधर घ्यायचे होते, लाखो वायरमन नव्हे. तुलना इथवरच ताणावी.

सौरऊर्जेत अखेर पुन्हा गिरणीचाच क्रम आला: आधी काम, मग शिक्षण. जानेवारी २०१० च्या राष्ट्रीय सौर अभियानाने २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅटचं लक्ष्य ठेवलं आणि त्या अखेरीस या उद्योगात किमान १ लाख प्रशिक्षित माणसं असतील असं गृहीत धरलं. त्याच वर्षी आयआयटी मुंबईत सौरविजेच्या संशोधन-शिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. ही सुरुवात चांगली होती. मग २०१५ मध्ये लक्ष्य एकदम पाचपट, १ लाख मेगावॅट झालं. हरित रोजगारांसाठीची कौशल्य परिषद आणि सौर तंत्रज्ञ घडवणारी ‘सूर्यमित्र’ योजना आली ती त्याच वर्षी. सूर्यमित्राचा अभ्यासक्रम ६०० तासांचा, साधारण तीन महिन्यांचा, आणि पाच वर्षांत माणसं घडवायची ५० हजार. मेगावॅट पाचपट झाले, पण शिकवण्याचे आकडे त्या हिशेबाने वाढल्याचं दिसत नाही. छतांवरच्या ४०,००० मेगावॅटचं उद्दिष्ट २०२२ पर्यंत गाठता आलं नाही. त्याला अनुदान, वीजकंपन्यांची अनास्था अशी इतरही कारणं होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली ती थेट १ कोटी घरांसाठी.

मुंबईत हे काम सोसायटीच्या गच्चीवर येतं. तिथे पाण्याच्या टाक्या, डिश आणि शेजारच्या टॉवरची सावली असते. वॉटरप्रूफिंगला भोक न पाडता सांगाडा उभा करायचा, पावसाळी वाऱ्यात तो टिकला पाहिजे, अर्थिंग नीट हवं, शिवाय नेट मीटरची (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरची) कागदपत्रं. यातलं बरंचसं वर्गात नाही, गच्चीवरच शिकायला मिळतं.

आणखी एक बाजू आराखड्यांत मागे पडते, ती जुन्या ऊर्जेच्या कामगारांची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडू लागल्या, तेव्हा केंद्राने १९८६ मध्ये पुनर्वसन निधी काढला. बंद गिरणीतल्या पात्र कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, मग ५०, मग २५. चौथ्या वर्षी काही नाही. तुर्भ्यात टाटांचे कोळशावरचे संच आहेत. तिथल्या बॉयलरवरच्या माणसाला इन्व्हर्टर शिकवायचा असेल, तर तो संच चालू असतानाच शिकवावा लागेल.