कोर्तिनाची लोखंडी वाट आणि गाईडचा दोर

इटलीच्या डोलोमाइट्स पर्वतरांगेतल्या कोर्तिना दाम्पेत्सो या गावाचं नाव फेब्रुवारी २०२६च्या हिवाळी ऑलिंपिकमुळे आपल्याकडे पुन्हा कानावर आलं. महिलांच्या स्की-शर्यती झाल्या त्या तोफाना पर्वताच्या उतारावर. बर्फ वितळलं की त्याच पर्वताच्या कड्यावर वेगळीच वर्दळ सुरू होते. हार्नेस (कमरेचा-मांड्यांचा पट्टा), हेल्मेट आणि कमरेला लटकवलेले दोन कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या) अशा थाटात माणसं गाईडमागून पोलादी तार धरून कातळ चढायला लागतात. हीच व्हिया फेराटा: कातळात पक्क्या केलेल्या तारेला स्वतःला अडकवून चढायची वाट. 

या तारा पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांनी लावल्या असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. आल्प्सच्या कड्यांत लोखंड ठोकायला सुरुवात झाली ती हौशी माणसाला वर नेता यावं म्हणून, आणि त्याला नेणारा होता गावातला वाटाड्या. ऑस्ट्रियातल्या डाखश्टाइन शिखरावर १८४३मध्येच खुंट्या आणि दोर बसवले गेले होते. कोर्तिनात हा धंदा १८६०च्या दशकात उभा राहिला. व्हिएन्नाहून आलेला एक गिर्यारोहक १८६३मध्ये तोफाना दि मेत्सोच्या माथ्यावर पोचला, तो गावातल्याच एका माणसाच्या साथीने. पुढे १९०३मध्ये मार्मोलादा शिखराच्या (३३४३ मीटर) पश्चिम धारेवर लोखंड बसलं, तेही पर्यटकांच्याच सोयीसाठी. तेव्हा इटली युद्धात उतरायला अजून १२ वर्षं अवकाश होता.

मग १९१५ उजाडलं. कोर्तिना त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आणि गावातले तरुण आधीच रशियाविरुद्ध गॅलिशियाच्या आघाडीवर गेले होते. मे महिन्यात इटली युद्धात उतरली, पाठोपाठ इटालियन सैन्य गावात शिरलं, आणि ऑस्ट्रियन फौजेने मागे सरून वरचे कडे धरले. पुढची जवळजवळ अडीच वर्षं, १९१७च्या शरद ऋतूपर्यंत, लागात्सुओई आणि तोफानाच्या उभ्या भिंतींवर माणसं राहत होती. तिथे धान्य, दारूगोळा आणि जखमी यांची ने-आण करायला खुंट्या, लाकडी शिड्या आणि तागाचे दोर लागले. तोफाना दि रोत्सेसच्या कुशीतल्या कास्तेलेत्तो या सुळक्याखाली इटालियन सैनिकांनी आतून बोगदा खणला आणि ११ जुलै १९१६च्या पहाटे ३५ टन स्फोटकं उडवून दिली. लागात्सुओईच्या पोटातून तर सुमारे १,१०० मीटर लांबीचा बोगदा वर नेला. तिथला मोठा सुरुंग २० जून १९१७ला उडाला.

आज कास्तेलेत्तोच्या त्या बोगद्यातूनच एका फेराटाची सुरुवात होते. आत मिट्ट काळोख, पायाखाली ओल्या, उंच पायऱ्या, हातात तार. हेडलॅम्पच्या उजेडात दिसतं तेवढंच. बाहेर पडलं की एकदम रोत्सेसची भिंत समोर. ही जागा अस्सल आहे. पण हातातली तार युद्धातली नाही. युद्धकाळातले दोर आणि शिड्या कधीच्याच कुजून गेल्या. सध्याचं पोलाद प्रामुख्याने १९६०-७०च्या दशकांपासून गिर्यारोहक मंडळांच्या स्वयंसेवकांनी पाठीवर वाहून नेऊन बसवलेलं आहे. या माणसांचं श्रेय युद्धाच्या खात्यावर जमा होतं याचं मला वाईट वाटतं.

खरा घोळ मात्र नावात आहे, आणि तो नुसता शब्दांचा नाही. इटालियनमध्ये ‘फेराटा’ म्हणजे लोखंडी. जुन्या इटालियनमध्ये रेल्वेलाही ‘स्त्रादा फेराटा’, लोखंडी रस्ता, म्हणत. गिर्यारोहकाच्या बोलीत ‘व्हिया’ म्हणजे चढाईचा मार्ग. याच्याशेजारी दुसरा शब्द नांदतो: ‘सेन्तिएरो आत्रेत्सातो’, म्हणजे तार-शिड्या बसवून सज्ज केलेली पायवाट. पुस्तकी फरक सोपा आहे. पायवाटेवर चालायचं असतं, तार असते ती अवघड तुकड्यात आधाराला. फेराटावर चढायचं असतं आणि लोखंडाशिवाय सामान्य माणूस पुढे सरकूच शकत नाही. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या चढलेल्या कुणालाही हे लगेच पटेल. शिड्या असल्या तरी कळसूबाईची वाट ही वाटच राहते.

कड्यावर गेलं की ही व्याख्या डगमगते. तोफानावरच्या पोमेदेस कुटीजवळून दोन तारा निघतात. एक दिबोना कुटीच्या दिशेने, कड्याच्या पायथ्याच्या रंगीबेरंगी थरांतून आडवी जाते. तिला पायवाट म्हणतात. दुसरी पुंता आन्नाच्या धारेवर सरळ वर घुसते आणि कोर्तिनातल्या कठीण फेराटांत गणली जाते. गंमत अशी की या कठीण मार्गावर पायऱ्या-खुंट्या फारशा नाहीत. तारेखेरीज सगळी भिस्त कातळावरच्या खाचांवर आणि स्वतःच्या पायांवर. म्हणजे लोखंड जास्त तिथे फेराटा, कमी तिथे पायवाट, हा हिशेब इथे उलटा पडतो. युद्धातल्या वाटांचा पेच आणखी वेगळा. त्या मुळात सैनिकांच्या ये-जा करण्याच्या वाटा, म्हणून नावात ‘पायवाट’. पण बाजूला शेकडो मीटरचं एक्स्पोझर, म्हणजे उघडी दरी. ‘पायवाट’ वाचून मुलाबाळांना घेऊन निघालेल्या कुटुंबाची पहिल्याच वळणावर गाळण उडते.

जर्मन भाषेने ‘क्लेटरश्टाइग’ या एकाच शब्दात चढाई आणि वाट दोन्ही बसवून वाद मिटवला. इटलीत तो मिटला नाही, कारण तिथे शब्दाला पोटापाण्याचा प्रश्न चिकटला. पदभ्रमणाच्या इटालियन श्रेणीत टी, ई, ईई आणि ईईए अशा चार पायऱ्या आहेत, आणि फेराटा शेवटच्या ईईएमध्ये येते. तिचा अर्थ: साधनांसह जाणारा अनुभवी पदयात्री. म्हणजे या श्रेणीच्या लेखी फेराटा हा अजून ट्रेकच आहे! उलट जानेवारी १९८९च्या कायद्याने पर्वत-गाईडचा व्यवसाय राखीव केला. त्यात मध्यम उंचीवर लोकांना फिरवणाऱ्या मार्गदर्शकांना कातळाचा, हिमनदीचा आणि जिथे दोर, बर्फकुऱ्हाड, क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे पोलादी काटे) लागतात असा सगळा प्रदेश वर्ज्य केला आहे. मग तारेत अडकवायचा सेट, म्हणजे हार्नेसला जोडलेले दोन पट्टे आणि त्यांचे कॅराबिनर, हा कायद्यातला ‘दोर’ धरायचा की नाही? तार बसवलेल्या पायवाटेवर पैसे घेऊन माणसं कोणी न्यायची? फिरस्ती मार्गदर्शक म्हणतात, नावातच वाट आहे. पर्वत-गाईड म्हणतात, पडलं तर दोर कोण टाकणार?

माझं मत गाईडांच्या बाजूने झुकतं, ते लपवत नाही. तार माणसाला वर नेते, पण अडकला तर खाली आणत नाही. मधेच हातातली ताकद संपली, वादळ आलं किंवा कुणी भीतीने थिजलं, तर तिथून माणसाला उतरवणं हे पूर्ण वेगळं कसब आहे.

आणखी एक निर्णय इथे सांगायला हवा. पश्चिमेकडच्या ब्रेंता पर्वतरांगेत १९३०च्या दशकात लोखंडी वाटांचं काम सुरू झालं, तेव्हा ती वाट शिखरांवर न्यायचीच नाही असं ठरलं. ती खिंडींतून आणि कड्याच्या फळ्यांवरून जाते. माथे चढाई करणाऱ्यांसाठी मोकळे ठेवले. कोर्तिनाने तसं बंधन घातलं नाही. पुंता आन्नाची तार पुढे थेट तोफाना दि मेत्सोच्या ३२४४ मीटर माथ्याकडे जाते, आणि त्याच माथ्याखाली केबल कारचं स्थानक आहे. मला ब्रेंताचा संयम जास्त भावतो.

रिसॉर्टांच्या हिशेबात फेराटा उशिरा आली. फ्रान्सने १९८८मध्ये फ्रेसिनिएरला आपली पहिली फेराटा बांधली आणि स्वित्झर्लंडने १९९३मध्ये गाडमेनजवळ. युद्धाचा वारसा नसलेल्या या वाटा उन्हाळी पर्यटनासाठीच जन्मल्या. कोर्तिनाकडे वारसा आयता होता. २००९मध्ये डोलोमाइट्स जागतिक वारसा यादीत गेल्यावर त्यात भरच पडली. सेट भाड्याने मिळू लागले, गाईडबरोबरचा दिवस हॉटेलातच ठरवता येऊ लागला, आणि ज्याने कधी कातळाला हात लावला नाही तोही तारेवर आला.

त्याची किंमत सेटने मोजली. साध्या क्लाइंबिंगमध्ये पडण्याचा गुणांक, म्हणजे पडण्याचं अंतर भागिले दोराची लांबी, दोनच्या वर जात नाही. फेराटावर माणूस तार जिथे कातळाला पक्की केली आहे त्या खालच्या खुंटीपर्यंत घसरतो. पाच मीटर पडला आणि पट्टा एक मीटरचा असला, तर गुणांक पाच. इतका झटका कॅराबिनर किंवा पाठीचा कणा सोसत नाही, म्हणून मधे झटका शोषून घेणारा शॉक-अ‍ॅब्सॉर्बर लागतो. ऑगस्ट २०१२मध्ये ऑस्ट्रियातल्या एका फेराटावर भाड्याच्या सेटचे दोन्ही पट्टे तुटून एकाचा जीव गेला. वापरून वापरून त्या लवचीक पट्ट्यांची ताकद गेली होती. त्यानंतर अनेक कंपन्यांना सेट परत मागवावे लागले, आणि २०१७मध्ये युरोपीय मानक बदललं. आता सेटची चाचणी ४० ते १२० किलो वजनासाठी होते.

या ४० किलोच्या आकड्याने गाईडच्या हाती दोर पुन्हा आणून दिला. हलक्या मुलाच्या वजनाने अ‍ॅब्सॉर्बर पुरेसा उघडेलच असं नाही, त्यामुळे मुलाला तारेखेरीज दोरानेही बांधावं लागतं. लागात्सुओईच्या किंवा आव्हेराउच्या तारेवर सकाळच्या पहिल्या लिफ्टने आलेले असे गट दिसतात. पहिली लिफ्ट का, तर जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाट सुरू होतो आणि विजेच्या वेळी तारेजवळ थांबण्यासारखं वाईट काही नाही. गाईड पुढे जातो, खुंटीशी थांबतो, छोटा दोर आवळून धरतो. मूल खुंटीपाशी येतं, एक कॅराबिनर काढून पलीकडे लावतं, तो ‘टक्’ वाजला की मगच दुसरा. दोन्ही कॅराबिनर पलीकडे गेल्याचं बघून गाईड वळतो आणि पुढच्या खुंटीकडे निघतो.