तांबेऱ्याने उमलवलेले फूल

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वताच्या उतारांवरचे बर्फ वितळले की बटरकपची पिवळी, तुकतुकीत फुले दिसू लागतात. त्यांच्यातलेच एखादे फूल हातात घेऊन निरखले, तर कधी कधी त्याला पाकळ्याच नसतात. देठाच्या टोकाशी दाटीने जमलेली ती पाने असतात, बारीक पिवळ्या ठिपक्यांनी भरलेली आणि बोटाला चिकटणारी. झाड असते बोएकेराचे, म्हणजे मोहरीच्या कुळातले. त्याची खरी फुले चार पाकळ्यांची, पांढरट ते जांभळट असतात. हे पिवळे फूल मात्र पक्सिनिया मोनोइका नावाच्या तांबेऱ्याने घडवलेले असते. आपल्याकडे गव्हावर पडणारा तांबेराही याच पक्सिनिया प्रजातीतल्या बुरशांमुळे होतो.

उन्हाळ्याच्या अखेरीस या बुरशीचे बीजाणू बोएकेराच्या कोवळ्या रोपात शिरतात. बुरशी रोपाच्या अंगात भिनते आणि पुढच्या वसंतात त्याची वाढच आपल्या ताब्यात घेते: देठ उंच होतो, टोकाशी पानांचा झुबका येतो, आणि झाडाचे स्वतःचे फुलणे बहुधा राहूनच जाते. ठिपक्यांतून साखरेचा पाक पाझरतो. त्यासाठी माश्या, मधमाश्या आणि फुलपाखरे येतात आणि जाताना बुरशीच्या सूक्ष्म पुंपेशी अंगाला लावून नेतात. एकाच बुरशीच्या पेशींचे आपापसांत जमत नाही; फलनासाठी त्याच जातीच्या, पण वेगळ्या लिंगप्रकाराच्या बुरशीच्याच पेशी लागतात, आणि त्या दुसऱ्या झाडावरून आणायला कीटकांवाचून कोण आहे? गव्हाच्या तांबेऱ्यातही असाच व्यवहार चालतो, हे कॅनडातील वनस्पतिरोगतज्ज्ञ जॉन क्रेगी यांनी 1927 मध्ये दाखवून दिले होते. तिथे माश्या दारुहळदीच्या कुळातल्या बार्बेरीच्या पानांवरचे थेंब एकमेकांत मिसळतात.

जीवशास्त्रज्ञ बार्बरा रॉय यांनी 1993 मध्ये या बनावट फुलांवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. आकार, रंग आणि मध या बाबतींत ती शेजारच्या खऱ्या फुलांशी मिळतीजुळती असल्याचे त्यात दिसून आले. वासाचे मात्र वेगळे आहे. या फुलांना फुलांसारखाच गोडसर वास येतो. पण पुढे त्याचे रासायनिक विश्लेषण झाले तेव्हा तो ना बोएकेराच्या फुलांशी जुळला, ना शेजारच्या फुलांशी. म्हणजे रूप उसने, गंध स्वतःचा. त्यामुळे याला निव्वळ नक्कल म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. कीटकांची फसवणूक होते, असेही सरसकट म्हणता येत नाही, कारण त्यांना गोड रस खरोखरच मिळतो. नागवले जाते ते झाड. आपल्या अन्नातून तो रस पुरवायचा, आणि बी मात्र धरायचे नाही.

फलन झाल्यावर पानांवर पेल्यासारखे बारीक कोश तयार होतात आणि त्यांतले बीजाणू वाऱ्यावर उडतात. पण हे बीजाणू दुसऱ्या बोएकेरावर पडले तरी रुजत नाहीत, त्यांना गवतच लागते. बुरशीचे उरलेले आयुष्य त्या गवतावर जाते, आणि तिथे तयार झालेले नव्या प्रकारचे बीजाणू उन्हाळा सरता सरता पुन्हा बोएकेराच्या रोपांवर येऊन पडतात.