शेक चालू असताना जेवणाचं काय?

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत 'शेक', सुरू झालं की पहिला आठवडा बरा जातो. 'काय बी होत नाही' म्हणत पेशंट मिसळही हाणतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, आणि कोल्हापूरच्या घरात खरा पेच उभा राहतो: ह्याला आता द्यायचं काय?

किरणांचा मार भराभर विभागणाऱ्या पेशींना जास्त बसतो. कॅन्सरच्या पेशी तशा, आणि तोंडाचं आतलं अस्तरही तसंच. वरचा थर झिजतो, खालून नवा वेळेत येत नाही. आधी लाली, मग चट्टे. सहा-सात आठवड्यांत 60 ते 70 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) मात्रा द्यायची असते. शेवटचा शेक झाल्यावरही दोन-तीन आठवडे दुखणं चालू राहतं. औषध बिघडलं म्हणून नव्हे, अस्तर भरायला तेवढा वेळ लागतो म्हणून.

कांदा-लसूण चटणी आणि तांबडा तर बंदच. पांढरा रस्सा दिसायला सौम्य, पण त्यात मिरी-मिरची असतेच, तोही नको. आपल्याकडे मसाला पडण्याआधी मटणाचं अळणी बाजूला काढतात, ते मात्र सोन्यासारखं. गाळून, कोमट करून, त्यात मऊ भात कालवून द्यावं. नाचणीचं सत्त्व, खिमट, नीट शिजलेलं अंडं, दूध चालतं. कट्ट्यावरचं धारोष्ण दूध मात्र नको, सोबत केमो असेल तर मुळीच नको, तापवूनच द्या.

एवढा आटापिटा अशासाठी, की शेक घेताना डोकं हलू नये म्हणून बसवायचा चेहऱ्याचा मास्क सुरुवातीच्या मापाने बनवलेला असतो. वजन उतरलं की तो सैल होतो आणि किरणांचा नेम चुकू शकतो. अशक्तपणामुळे उपचारात खंड पडला तर उरलेल्या कॅन्सर पेशींना वाढायला सवड मिळते. म्हणून डॉक्टर नाकातून नळी घालू म्हणाले तर घाबरू नये. ती हार नव्हे. फक्त नळी असली तरी डॉक्टरांनी परवानगी दिलेले घोट गिळत राहावेत, नाहीतर घशाचे स्नायू आखडतात. जबडा उघडण्याचे व्यायामही रोज.

लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खायचा सोडा घालून दर दोन-तीन तासांनी चुळा भराव्यात. माउथवॉश अल्कोहोलचा नको. दुखणं सोसत बसू नये, वेदनाशामक मागून घ्यावं. तंबाखू पूर्ण बंद, आणि 'दातांसाठी' म्हणून लावली जाणारी मिश्रीसुद्धा. ती तंबाखूच आहे.

चव बहुधा काही महिन्यांत परतते. लाळ हट्टी. कानाखालच्या लाळग्रंथीला सरासरी 26 ग्रेपेक्षा कमी मात्रा मिळाली तर ती बऱ्यापैकी सावरते, म्हणून आयएमआरटी या, किरणांचा जोर जागेनुसार कमी-जास्त करणाऱ्या तंत्रात किरण ग्रंथी शक्य तेवढी वाचवून दिले जातात. लाळ घटली की दात झपाट्याने किडतात, फ्लोराइड लागतं. खराब दात शेक सुरू होण्याआधीच काढून घ्यावेत. नंतर काढले तर जबड्याच्या हाडाची जखम भरत नाही असं होऊ शकतं. हा धोका वर्षानुवर्षं राहतो, तेव्हा दाढ कधीही दुखली तरी डेंटिस्टला खुर्चीत बसण्याआधी रेडिएशनची फाइल दाखवा.