ऑइलचा दाब: झिजेने उतरलेला आणि वळणावर तुटलेला

हौशी शर्यतींच्या गाडीत जुनं इंजिन पळत असलं की कधी ना कधी ऑइल प्रेशरचा काटा नको त्या जागी दिसतो. मग ठरलेलं बोलणं सुरू होतं: प्रेशर कमी झालंय, दाट ऑइल टाक, नाहीतर मोठा पंप बसव. माझं म्हणणं असं की खिशात हात घालण्याआधी एक प्रश्न विचारावा. काटा खाली आला तेव्हा गाडी काय करत होती?

कारण 'प्रेशर कमी' या एकाच तक्रारीखाली दोन वेगळी दुखणी येतात. पहिल्यात पंप तेल नीट पाठवतो, पण झिजलेल्या बेअरिंगच्या (फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या धातूच्या कड्यांच्या) वाढलेल्या फटींतून ते भराभर निसटून जातं. याला मी उतरलेला दाब म्हणतो. दुसऱ्यात इंजिन अगदी ठणठणीत असू शकतं. जोरदार वळणात तेल चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, एका कडेला सरकतं, स्ट्रेनर (पंप ज्यातून तेल ओढतो ती जाळी) उघडा पडतो आणि पंप हवा ओढतो. हा तुटलेला दाब. मीटरवर दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाचं औषध दुसऱ्याला विषासारखं लागू पडतं.

आधी दाब म्हणजे काय हे नीट समजून घेऊ. पंप दाब बनवत नाही, तो तेल ढकलतो. पंपाच्या एका फेरीत जेवढं तेल त्याच्या दातांत मावतं तेवढं पुढे जातं, आणि त्या तेलाला वाट काढताना जो अडथळा होतो तो मीटरवर दाब म्हणून दिसतो. अडथळा असतो बेअरिंग आणि क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) यांच्यामधल्या फटीचा. त्या फटीतून वाहणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे ०.०५ मिलिमीटरची फट झिजून ०.०८ झाली, तर तेवढ्याच दाबाला आणि तेवढ्याच दाट तेलाला गळती सुमारे चौपट होते. केसाच्याही निम्म्याने भरणार नाही एवढी झीज, पण काट्यावर ती ठळक दिसते.

त्यात तापमानाची भर पडते. एसएई ४० जातीच्या तेलाची घनता नव्हे, तर विष्यंदिता, म्हणजे वाहताना होणारा आतला विरोध, १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटीस्टोकच्या दरम्यान असते. तेच तेल १३० अंशांवर गेलं की हा आकडा जवळपास निम्म्यावर येतो. म्हणून ऑइलचं तापमान न लिहिता नोंदवलेला दाब मला अर्धवट वाटतो. 'आयडलला १२ पीएसआय' (आयडल म्हणजे ॲक्सिलरेटर न देता संथ चालणारं इंजिन, पीएसआय हे दाबाचं एकक) हे ८० अंशांवर काळजीचं असू शकतं आणि १२० अंशांवर ठीकही असू शकतं.

आता झिजलेल्या इंजिनाची चाल बघा. गार असताना सुरू केलं की काटा मस्त वर. तेल तापलं की आयडलला काटा खाली बसतो, ॲक्सिलरेटर दिला की पुन्हा चढतो. ट्रॅकच्या दर चकरेगणिक तापमान वाढतं तसा काटा थोडा थोडा उतरतो, आणि गाडी उभी करून तेल निवलं की परत येतो. यात वळणाशी, ब्रेकशी काही देणंघेणं नाही.

अशा इंजिनात सगळ्यात फसवणारी गोष्ट म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह. इंजिनाच्या मिनिटाला जास्त फेऱ्यांवर पंप गरजेपेक्षा बरंच जास्त तेल ढकलतो आणि जादाचं तेल रिलीफ व्हॉल्व्ह परत वळवतो. झीज सुरू झाली की ती आधी हा जादाचा साठा खाते. म्हणून ५००० फेऱ्यांवर मीटर पूर्वीइतकाच दाब दाखवत राहतो आणि आयडलचा आकडा मात्र महिन्यागणिक घसरतो. वरचा आकडाही खाली येऊ लागला, तर समजावं की साठा संपलाय. दर १००० फेऱ्यांमागे १० पीएसआय हा जुना ठोकताळा गरम इंजिनाला लावून बघायला हरकत नाही, पण अखेर तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा.

तुटलेल्या दाबाची चाल याच्या अगदी उलट. आयडलला सगळं छान. सरळ रस्त्यावर छान. लांब, वेगवान वळणात एक-दोन सेकंद गेले की काटा धपकन खाली येतो आणि गाडी सरळ झाली की पुन्हा उभा राहतो. बऱ्याचदा फक्त डाव्या किंवा फक्त उजव्या वळणात, कारण स्ट्रेनर चेंबरच्या कुठल्या बाजूला आहे यावर ते ठरतं. चेंबरचा खोल भाग मागे असेल तर जोरदार ब्रेकमध्ये तेल पुढे पळतं आणि दाब तेव्हा तुटतो; खोल भाग पुढे असेल तर वेग घेताना.

हे का होतं ते एका आकड्याने पटतं. गाडीवर बाजूने १ जी (गुरुत्वाकर्षणाइतकं) बल असेल तर चेंबरमधल्या तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. अर्ध्या जीला सुमारे २७ अंश. जुन्या गाडीचं चेंबर तिच्या काळातल्या साध्या टायरांच्या पकडीसाठी बनवलेलं असतं. त्याच गाडीला आज चिकट सेमी-स्लिक टायर घातले की वळणातली पकड वाढते, पण चेंबर तेच राहतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आडात पाणी असतं, पण पोहरा पडतो त्या कोपऱ्यात नसतं. त्यात सतत जास्त फेऱ्यांवर बरंच तेल हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, अडकून राहतं, परतीच्या वाटेने वेळेवर खाली येत नाही, त्यामुळे पळत्या गाडीतली चेंबरची पातळी डिपस्टिकवर दिसते त्यापेक्षा कमीच असते.

भीती कशाची जास्त बाळगावी? माझं मत स्पष्ट आहे: वळणातल्या दाबाची. गरम आयडलला बेअरिंगवर भारच कमी असतो. तिथे ८-१० पीएसआयवर बरीच इंजिनं वर्षानुवर्षं चालतात. वळणात मात्र ६००० फेऱ्या असतात, बाहेर पडताना पूर्ण थ्रॉटल असतो, आणि त्याच क्षणी बेअरिंगला तेलाऐवजी फेस मिळतो. आयडलच्या काट्याकडे बघून रात्रभर झोप न येणारा माणूस वळणातल्या अर्ध्या सेकंदाच्या झटक्याला 'मीटरच तसाय' म्हणून सोडून देतो, हे बघून जीव कळवळतो. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर तर मुळीच विसंबू नये. तो साधारण ५-७ पीएसआयच्या आसपास पेटतो. आयडलसाठी तो ठीक, पण ६००० फेऱ्यांवर तो पेटेपर्यंत व्हायचं ते झालेलं असतं.

मीटरवर संशय घेणं मात्र योग्यच आहे, फक्त तो तपासून मिटवावा. सेन्सर काढून त्याच जागी यांत्रिक मीटर लावा आणि आकडे जुळतात का बघा. सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली असेल तर काही सेन्सरांचं अर्थिंग बिघडतं आणि आकडा खोटा येतो. शिवाय अनेक विजेचे मीटर काट्याला मुद्दाम संथ ठेवतात, म्हणजे झटका येऊन गेला तरी काटा हलतच नाही. वळणातला दाब पकडायचा तर डेटा लॉगर हवा: ऑइल प्रेशर, फेऱ्या, ऑइलचं तापमान आणि बाजूचं जी बल एकाच आलेखावर. दाबाची दरी जी बलाच्या डोंगराच्या बरोबर खाली पडत असेल, तर दुसऱ्या कशाकडे बघायची गरज उरत नाही. लॉगर नसेल तर काट्यावर रोखलेला छोटा कॅमेराही पुष्कळ सांगतो.

एक स्वस्त चाचणी आहे. तेल कमाल खुणेच्या वर अर्धा लिटर भरा आणि तीच वळणं पुन्हा घ्या. दरी उथळ झाली, तर तेल सरकत होतं. झिजलेल्या इंजिनाला या अर्ध्या लिटरने काही फरक पडत नाही. यापेक्षा जास्त भरू नये; क्रँक तेलात आपटून फेस करतो आणि फेसाने दाब आणखी ढासळतो.

दोन्हींच्या मध्ये काही भामटे दडलेले असतात. गार असतानाही दाब कमी आणि एका आकड्याच्या वर जातच नाही, तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का ते आधी बघा. ऑइलला पेट्रोलचा वास येतोय, पातळी आपोआप वाढतेय, तर कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल सोडतोय आणि ऑइल पातळ झालंय. बेअरिंगला दोष द्यायच्या आधी ते दुरुस्त करून ऑइल बदला. स्ट्रेनरच्या नळीला चीर असेल किंवा तिचं रबरी सील कडक झालं असेल, तर पंप सरळ रस्त्यावरही हवा ओढतो. सुबारूच्या ईजे इंजिनांमध्ये ही नळी तडकण्याची तक्रार जुनी आहे. बीएमडब्ल्यूच्या एम५० घराण्यातल्या इंजिनांमध्ये पंपाच्या गिअरचं नट ढिलं होऊन दाब एका क्षणात शून्य होतो. तिथे ना झीज, ना वळण.

आता औषधांकडे. झिजलेल्या इंजिनात एका पायरीने दाट ऑइल घालून हंगाम काढता येतो, यात खोटं काही नाही. पण तेच दाट ऑइल सरकत्या तेलाच्या गाडीत घातलं, तर हेडमधून ते आणखी सावकाश उतरतं. मोठ्या क्षमतेचा पंप तर चेंबर अधिक वेगाने उपसतो, म्हणजे स्ट्रेनर आधीपेक्षा लवकर उघडा पडतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, यातला हा प्रकार. रिलीफ व्हॉल्व्हची कडक स्प्रिंग तर दोन्हींना निरुपयोगी: ती फक्त कमाल आकडा वाढवते, जिथे मुळात अडचण नव्हतीच.

सरकत्या तेलाचा उपाय चेंबरमध्ये आहे. स्ट्रेनरभोवती आडव्या पट्ट्या, आत उघडणारी पण बाहेर न उघडणारी छोटी दारं, क्रँकखाली पत्रा. तेवढ्याने भागलं नाही तर ॲक्युसंपसारखी दाबाखाली तेल साठवणारी टाकी, जी दाब पडताच आपलं तेल गॅलरीत, म्हणजे इंजिनातल्या तेलाच्या मुख्य वाटेत, सोडते. शेवटी ड्राय संप, ज्यात चेंबर कोरडं ठेवून तेल वेगळ्या टाकीत नेतात. हवेने थंड होणाऱ्या पोर्शे ९११ला ही व्यवस्था कारखान्यातूनच होती. तुमच्या शर्यतीच्या वर्गाच्या नियमांत यातलं काय बसतं ते आधी वाचा. झिजलेल्या इंजिनाला मात्र मोजमापाशिवाय पर्याय नाही: जर्नल मायक्रोमीटरने, फट प्लास्टिगेजने (दाबल्यावर किती पसरतो त्यावरून फट सांगणारा प्लास्टिकचा धागा). जर्नलच्या दर २५ मिलिमीटर व्यासामागे ०.०२५ मिलिमीटर फट, हा सुरुवातीचा अंदाज.

अडचण अशी की ही दोन दुखणी फार काळ वेगळी राहत नाहीत. तुटलेला दाब प्रत्येक वळणात बेअरिंगचा थोडा थोडा थर नेतो. आणि म्हातारं इंजिन तेल खातं, दिवसभरात पातळी खाली जाते, मग सकाळी न होणारी दरी दुपारी दिसायला लागते. म्हणून ट्रॅकवरून परत आल्यावर दर वेळी डिपस्टिक, आणि प्रत्येक ऑइल बदलीला फिल्टर कापून बघायचा. कापायला फिल्टर कटरच घ्या, करवतीचा चुरा स्वतःच खोटी साक्ष देतो. कागदाच्या घड्या उलगडून पिळा, उजेडात धरा. चुंबकाला न चिकटणारे चकचकीत कण बेअरिंगचे असण्याची शक्यता मोठी, तांबूस झाक दिसली तर वरचा थर जाऊन आतला उघडा पडलाय.

लॉगमध्ये एकदा जरी जास्त फेऱ्यांवर दाब शून्याजवळ गेलेला दिसला, तर मी चेंबर उतरवून बिगएंडच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या, टोप्या काढून बघतो. क्रँकला धरणाऱ्या मेन बेअरिंगपेक्षा आधी बिगएंड, कारण त्यांना तेल मेनमधून क्रँकच्या भोकांतून पोचतं. टंचाई तिथे लवकर जाणवते. पोर्शे ९४४ ट्रॅकवर पळवणारे दुसऱ्या क्रमांकाचं बिगएंड बेअरिंग आधी का तपासतात, ते यावरून समजेल. शेल, म्हणजे बेअरिंगची अर्धगोल पट्टी, हातात घेतला की दोन्ही दुखणी निराळी दिसतात. वयाने झिजलेला शेल मंद राखाडी असतो, भार येतो त्या पट्ट्यात गुळगुळीत घासलेला, कडा शाबूत. तेलावाचून चाललेल्या शेलचा धातू ओढल्यासारखा पसरलेला असतो, कडेला गोळा झालेला, कधी पाठीमागे उष्णतेने काळवंडलेला.