प्रकरण-व्यवस्थापन, सामाजिक (बेळगाव सीमाभाग)

निवृत्तिवेतन, उपचार किंवा कायदेशीर संरक्षण यांवर हक्क असूनही ते मिळवू न शकणाऱ्या व्यक्तीची गरज समजून घेऊन, तिला योग्य कार्यालयापर्यंत नेऊन, लाभ हाती पडेपर्यंत पाठपुरावा करण्याच्या कामास सामाजिक प्रकरण-व्यवस्थापन म्हणतात. हे काम करणाऱ्यास केस मॅनेजर किंवा केसवर्कर म्हटले जाते. व्यक्तिसहाय्यकार्य या समाजकार्याच्या जुन्या शाखेतून ते पुढे आले. अमेरिकेत मनोरुग्णालयांतून बाहेर पडलेल्यांना निवारा, औषधे व भत्ता यांसाठी निरनिराळ्या यंत्रणांकडे जावे लागू लागले, तेव्हा 1970 च्या दशकात या यंत्रणांचा मेळ घालणारा स्वतंत्र माणूस नेमण्याची पद्धत तेथे रुजली. भारतात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण मुंबईत 1936 साली सुरू झाले. गावपातळीवर मात्र हे काम बहुतांशी अंगणवाडी सेविका, आशा आणि संस्थांच्या कार्यकर्त्या करतात.

बेळगाव, खानापूर व निपाणी या मराठी वस्तीच्या तालुक्यांत या कामाचा मोठा भाग कागदपत्रांच्या जुळणीत जातो. 1963 च्या राजभाषा कायद्यानुसार कर्नाटकाच्या प्रशासनाची भाषा कन्नड आहे, तर अनेकांचे शाळेचे दाखले मराठीत असतात. महाराष्ट्रातील चंदगड किंवा गडहिंग्लजहून खानापुरात सून म्हणून आलेल्या बाईचे दाखल्यावर माहेरचे नाव, रेशन कार्डावर सासरचे आणि आधार कार्डावर त्याचेच निराळे लेखन, अशी स्थिती असली की पतीच्या निधनानंतर विधवा वेतनाचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कार्यालयात, अडतो. कार्यकर्ती मग ही सर्व नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करवून घेते. पती कोल्हापूरच्या दवाखान्यात वारला असेल, तर मृत्यूची नोंद तिथलीच असल्याने तो दाखलाही तिथूनच आणावा लागतो. जातीच्या दाखल्याचे तर याहून अवघड, कारण एका राज्यातील अनुसूचित जातीचा दर्जा दुसऱ्या राज्यात आरक्षणासाठी आपोआप चालत नाही. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून अधिक असलेल्या भागात महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असे केंद्र सरकारने मान्य केलेले संरक्षण आहे. ते नीट पाळले गेले तर कार्यकर्त्यांचा निम्मा वेळ वाचेल.

अर्जाची पोच घेणे ही त्यातली सर्वांत दुर्लक्षित पण हुकमी पायरी होय. कर्नाटकाच्या 2011 च्या सेवाहमी कायद्यान्वये, म्हणजे ‘सकाल’ योजनेत, अर्जदाराला क्रमांक मिळतो आणि ठरलेली मुदत उलटल्यास दिवसाला 20 रुपये, कमाल 500 रुपये, भरपाई मागता येते. रक्कम क्षुल्लक आहे, तरी क्रमांक हाती असलेल्या माणसाला ‘पुढच्या आठवड्यात या’ असे सांगून वाटेला लावणे अवघड जाते.

अपंगांसाठी कर्नाटकात पंचायत पातळीवर ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते असतात व ते बहुधा स्वतः अपंग असतात. किमान 40 टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळवून देणे हे त्यांचे पहिले काम. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत सखी केंद्राची, म्हणजे पीडित महिलांना एकाच ठिकाणी मदत देणाऱ्या सरकारी केंद्राची, केसवर्कर पोलीस, दवाखाना आणि 2005 च्या कायद्याखालील संरक्षण अधिकारी यांना जोडते. निपाणीत घरी बिडी वळणाऱ्या बायकांचे नाव कारखानदाराच्या वहीत अनेकदा नसतेच. त्यामुळे 1976 च्या बिडी कामगार कल्याण निधी कायद्याखालील दवाखाना व मुलांची शिष्यवृत्ती ज्यावर मिळते, ते ओळखपत्र मिळवण्यापासून सुरुवात करावी लागते. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या बायकांच्या बाबतीत घटप्रभा येथील ‘मास’ ही माजी देवदासींचीच संस्था लक्षणीय ठरली, कारण समाजासमोर नाव उघड करण्याची भीती ओलांडायला त्याच अनुभवातून गेलेली बाई लागते.

मंजुरीपत्र आले म्हणून प्रकरण संपत नाही. आधारवर आधारित थेट हस्तांतरणात पैसे आधारशी सर्वांत अलीकडे जोडलेल्या बँक खात्यात जातात, आणि संध्या सुरक्षा योजनेतील वृद्धेचे वेतन ‘बंद झाले’ अशी तक्रार आली की अनेकदा ते तिने कधीतरी कर्जासाठी उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात साचत असलेले आढळते. म्हणून जाणत्या कार्यकर्त्या पहिला हप्ता पासबुकात छापून आलेला पाहिल्यावरच फाइल बंद करतात.